दुसरी गोळी कशासाठी?

पुरस्कर्ता : सुरुवात शरीरशास्त्रापासून करू. रक्ताची गुठळी एकाच प्रकारची नसते. हृदयाच्या धमनीत चरबीचा थर फुटतो तिथे रक्त वेगाने धावत असतं, आणि त्या वेगात सगळ्यात आधी येऊन चिकटतात त्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स. एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे एएफचं, वेगळं. त्यात हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्त साचून राहतं आणि तिथे जी गुठळी धरते ती मुख्यतः फायब्रिनच्या धाग्यांची. बिंबिका म्हणजे विटा आणि फायब्रिन म्हणजे सिमेंट असं समजा. ॲस्पिरिन विटा रचू देत नाही. वॉरफेरिन, आपल्याकडे जास्त चालणारं ॲसिट्रोम, किंवा रिव्हरॉक्सॅबान, अपिक्सॅबान या नव्या गोळ्या, ही सगळी गुठळीरोधकं, सिमेंट धरू देत नाहीत. आता एकाच माणसाच्या धमनीत स्टेंट असेल आणि वर त्याला एएफही असेल, तर एकच औषध देणं म्हणजे अर्ध्या रोगाकडे पाठ फिरवणं नाही का?

हा नुसता तर्क आहे असं म्हणू नका. १९९८ साली स्टेंट बसवलेल्या १,६५३ रुग्णांवर झालेली चाचणी आठवा. महिन्याभरात गुठळी, हार्ट ॲटॅक, मृत्यू असं काहीतरी घडण्याचं प्रमाण नुसत्या ॲस्पिरिनवर ३.६ टक्के होतं, ॲस्पिरिन आणि वॉरफेरिन मिळून २.७, आणि ॲस्पिरिनला दुसऱ्या बिंबिकारोधकाची जोड दिल्यावर ०.५. म्हणजे स्टेंटला वॉरफेरिन पुरत नाही. २००६ मध्ये एएफच्या रुग्णांत उलटी परीक्षा झाली. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही बिंबिकारोधकांची जोडी वॉरफेरिनपुढे इतकी कमी पडली की चाचणी मध्येच थांबवावी लागली. एकाचं काम दुसरं करत नाही हे दोन्हीकडून सिद्ध झालंय. मग दोन्ही द्यायला नको?

साशंक : तर्क नेटका आहे, आणि मला धास्ती वाटते ती त्याच्या नेटकेपणाचीच. गुठळी दोन प्रकारे होते हे खरं, पण जखम बुजवायलाही शरीराकडे तीच दोन साधनं आहेत. या औषधांची माणसाला ओळख कशी झाली ते बघा. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी लागलेला क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातलं द्रव्य विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत वेगळं केलं गेलं, त्यातून पुढे वॉरफेरिन आलं, आणि माणसाला देण्याआधी ते उंदीर मारायला विकलं गेलं. ॲस्पिरिनचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलचे डॉक्टर लॉरेन्स क्रेव्हन टॉन्सिल काढलेल्यांना घसादुखीसाठी ॲस्पिरिनचं च्युइंगम चघळायला देत. ज्यांनी ते भरमसाट चघळलं त्यांच्या जखमा वाहत राहिल्या. क्रेव्हन यांना त्यावरून सुचलं की हे औषध हृदयातली गुठळीही रोखेल. अंदाज बरोबर निघाला. क्रेव्हन स्वतः मात्र १९५७ मध्ये हृदयविकारानेच गेले, ती गोष्ट वेगळी. मुद्दा असा की दोन्ही औषधं आपल्याला सापडली ती रक्तस्रावामुळे. रक्त वाहू देणं हा या औषधांचा चुकून उद्भवणारा दुष्परिणाम नाही. ज्याला आपण गुण म्हणतो त्याचीच ती दुसरी बाजू आहे.

त्यात ॲस्पिरिन आणखी एक उद्योग करतं. जठराच्या अस्तराला आम्लापासून सांभाळणारी प्रोस्टाग्लँडिन्स शरीरात तयार होतात, त्यांनाही ते अडवतं. म्हणजे व्रण पाडायचा ॲस्पिरिनने, त्यावर धावून येणाऱ्या बिंबिका थंड करायच्या त्यानेच, आणि उरलंसुरलं फायब्रिन धरू नये याची व्यवस्था करायची दुसऱ्या गोळीने. एक अधिक एक दोन, असा हा हिशेब राहत नाही. तुमच्याकडे छातीत कळ आलेले येतात. आम्हा फिजिशियन लोकांकडे रात्री येतात ते काळं चिकट शौच झालेले, हिमोग्लोबिन सहावर उतरलेले. पुष्कळदा तो तुमचाच रुग्ण असतो.

पुरस्कर्ता : असतो, आणि तुम्ही त्याला बरा करून परत पाठवता. मला हेच म्हणायचंय. पोटातल्या रक्तस्रावावर दुर्बीण घालून क्लिप लावता येते, रक्त चढवता येतं. मेंदूत गेलेल्या गुठळीचं तसं नाही. पहिल्या काही तासांत इलाज झाला तर झाला, नाहीतर वाचा जाते, एक बाजू जाते, आणि घरातलं एक माणूस कायमचं त्याच्या उशाशी बसतं. या दोन संकटांना सारखं वजन देणं मला पटत नाही.

यांत्रिक झडपेचं उदाहरण घ्या, कारण आपल्या देशात तो प्रश्न पुस्तकातला नाही. शाळेच्या वयात घसा धरतो, ऱ्हुमॅटिक ताप येतो, आणि पंचविशी-तिशीत मायट्रल झडप निकामी होते. थिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने स्वतःची झडप घडवली आणि १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली, ती अशा माणसांसाठी, परदेशी झडप परवडत नव्हती म्हणून. धातूची झडप म्हटली की गुठळीरोधक जन्मभर. १९९३ मध्ये कॅनडातल्या टर्पी यांनी कृत्रिम झडपवाल्या ३७० रुग्णांत वॉरफेरिनवर रोजचं १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चढवून बघितलं. मोठी गुठळी सुटण्याचं किंवा हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने मृत्यू येण्याचं प्रमाण वर्षाला ८.५ टक्क्यांवरून १.९ वर आलं. एकूण मृत्यूही घटले. एवढा फरक दाखवणारं औषध उद्या कुणी नव्या नावाने आणलं तर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर छापून येईल.

साशंक : त्याच चाचणीतला दुसरा आकडाही छापा. लहानमोठा मिळून रक्तस्राव वर्षाला २२ टक्क्यांवरून ३५ वर गेला. आणि तेव्हा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, ठेवायचा होता ३ ते ४.५. आज महाधमनीच्या झडपेला आपण दोन ते तीनमध्ये समाधान मानतो. झडपा बदलल्या, शस्त्रक्रिया बदलल्या. अमेरिकन मार्गदर्शक सूचनांत एके काळी हे ॲस्पिरिन ठासून सांगितलेलं होतं. २०२० मध्ये त्याची पायरी उतरली : वेगळं कारण असेल आणि रक्तस्रावाचा धोका कमी असेल तर विचार करायला हरकत नाही, एवढ्यावर आलं.

पण मला खरी काळजी त्या सूचनांच्या बाहेरची आहे. चाचणीतल्या रुग्णाचा आयएनआर कुणीतरी वेळेवर मोजत असतं. आपल्या रुग्णाला त्यासाठी तालुक्याला जावं लागतं, एक दिवसाची मजुरी बुडते, मग तो दोन महिन्यांनी जातो. मधल्या काळात श्रावण येतो, जेवण बदलतं, पालक-मेथी एकदम वाढते किंवा एकदम बंद होते. जुलाब लागले म्हणून कुणी मेट्रोनिडाझोल देतं आणि आयएनआर पाचापलीकडे जातो. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक येतं, त्याला कुणी औषध समजतच नाही. पावसाळ्यात डेंग्यू झाला की बिंबिका आधीच घसरलेल्या असतात आणि उरलेल्या ॲस्पिरिनने बांधून ठेवलेल्या. ज्याची पहिलीच गोळी ताब्यात नाही, त्याच्या हातात तुम्ही दुसरी ठेवता. नव्या गोळ्यांना ही कटकट नाही म्हणाल, तर त्या या माणसांना चालत नाहीत. यांत्रिक झडपांवर त्यातलीच एक, डॅबिगॅट्रान, वापरून बघणारी चाचणी २०१२ मध्ये गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने बंद करावी लागली. ऱ्हुमॅटिक झडपेच्या एएफमध्येही २०२२ साली जुनी औषधंच रिव्हरॉक्सॅबानपेक्षा सरस ठरली.

पुरस्कर्ता : झडपेच्या बाबतीत मी एक पाऊल मागे येतो. एकच पाऊल, कारण ज्याची झडप गुठळीने एकदा अडकलीय त्याला मी ॲस्पिरिन देणारच. पण माझा मूळ मुद्दा स्टेंटचा होता. ताजा स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत उघडी धातूची जाळी. तिच्यावर पेशींचं अस्तर चढायला काही आठवडे, कधी महिने लागतात. तोवर प्रत्येक बिंबिका तिला परकं समजते. स्टेंट बंद पडला की हार्ट ॲटॅक येतो, आणि त्यातले बरेच लोक रुग्णालयापर्यंत पोचत नाहीत. म्हणून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि गुठळीरोधक असा तिहेरी मारा आम्ही करत आलो.

साशंक : आणि त्याची किंमत कुणी मोजली नव्हती. नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या ५७३ रुग्णांवरची वोएस्ट चाचणी २०१३ मध्ये छापून आली. गुठळीरोधक सगळ्यांना, क्लोपिडोग्रेल सगळ्यांना. अर्ध्यांना ॲस्पिरिन, अर्ध्यांना नाही. वर्षभरात ॲस्पिरिनवाल्यांपैकी ४४.४ टक्क्यांना रक्तस्राव झाला, बाकीच्यांत १९.४. सगळ्यांना वाटत होतं की ॲस्पिरिन काढलं तर स्टेंट बंद पडतील. तसं काही वाढलं नाही, उलट मृत्यू कमी दिसले. चाचणी लहान होती म्हणून तुम्ही तेव्हा ती बाजूला सारलीत. मग २०१९ मध्ये ऑगस्टस आली, ४,६१४ रुग्णांची, खोट्या गोळीशी तुलना करणारी. सहा महिन्यांत ॲस्पिरिनवर लक्षणीय रक्तस्राव १६.१ टक्के, खोट्या गोळीवर ९. मृत्यू आणि गुठळीच्या घटना मिळून दोन्हीकडे जवळपास सारख्या. मग ॲस्पिरिनने नेमकं काय केलं?

पुरस्कर्ता : बारकाईने वाचा. स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं प्रमाण ॲस्पिरिनवर ०.५ टक्के होतं आणि त्याच्याशिवाय ०.९. फरक छोटा आहे आणि तो पक्का म्हणण्याइतके लोक चाचणीत नव्हते, मान्य. पण ती घटना दुर्मिळ आणि घातक आहे. दुर्मिळ घटनेवर निकाल देणारी चाचणी कधी होतच नाही, तिला हजारो माणसं लागतात. दुसरं, त्या सगळ्या रुग्णांना कुठल्या गटात जायचं ती चिठ्ठी उघडण्याआधीचे काही दिवस ॲस्पिरिन मिळालेलंच होतं. म्हणजे ‘ॲस्पिरिनशिवाय’ हा गटही खऱ्या अर्थाने ॲस्पिरिनशिवाय नव्हता.

तिसरं आपल्या लोकांबद्दल. क्लोपिडोग्रेल गिळलं की लगेच कामाला लागत नाही. यकृतात त्याचं रूपांतर व्हावं लागतं, आणि ज्यांच्या जनुकांमुळे ते रूपांतर नीट होत नाही अशी माणसं दक्षिण आशियात बरीच आहेत. अशा माणसाचं ॲस्पिरिन काढून घेतलं तर बिंबिका रोखायला त्याच्याकडे धड काहीच उरत नाही. तो कोण आहे हे त्याच्या कपाळावर लिहिलेलं नसतं.

साशंक : जनुकांचा मुद्दा मी खोडणार नाही. पण तुम्ही म्हणता तो काळ किती दिवसांचा? ऑगस्टसच्याच माहितीची पुढे महिन्याप्रमाणे फोड केली गेली. पहिल्या तीस दिवसांत ॲस्पिरिनने टाळलेल्या गंभीर गुठळ्या आणि घडवलेले गंभीर रक्तस्राव जवळपास बरोबरीत सुटले. त्यानंतर सहाव्या महिन्यापर्यंत गुठळीत फरक नाही, रक्तस्राव मात्र चालूच. म्हणजे फार तर महिनाभर तुम्ही आणि मी भांडू शकतो. त्यानंतर भांडायला तुमच्याकडे काय आहे?

पुरस्कर्ता : ज्याचा स्टेंट नाजूक जागी आहे, ज्याला मधुमेह आहे, मूत्रपिंडं अशक्त आहेत, तीन-तीन धमन्या बंद आहेत, असा रुग्ण आहे. त्याला महिनाच काय, वर्ष झालं तरी ॲस्पिरिन तोडायला माझा हात धजत नाही. सरासरी रुग्णाच्या आकड्यांवर मी याचा निर्णय का घ्यावा?

साशंक : का घ्यावा ते सांगतो. आधी जपान. अफायर चाचणीत एएफ आणि जुना, स्थिरावलेला हृदयविकार असलेले २,२३६ लोक होते. नुसतं रिव्हरॉक्सॅबान विरुद्ध त्याच्यासोबत एक बिंबिकारोधक, बहुतेकांत ॲस्पिरिन. जोडगोळीच्या गटात मृत्यू जास्त होऊ लागले म्हणून ती २०१९च्या आधीच थांबवली गेली. तुम्ही लोक म्हणालात, जपान्यांना गुठळ्या कमी होतात आणि रक्तस्राव जास्त, डोसही तिथला लहान, ते आम्हाला लागू नाही. ठीक. मग फ्रान्स. अक्वाटिक चाचणी, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिथे मुद्दाम तुमचाच माणूस निवडला होता. स्टेंट घालून सहा महिन्यांहून जास्त झालेले, पुन्हा गुठळीचा धोका मोठा असलेले, पूर्ण मात्रेत गुठळीरोधक घेणारे ८७२ लोक. अर्ध्यांना ॲस्पिरिन, अर्ध्यांना खोटी गोळी. हीसुद्धा मध्येच थांबवावी लागली. मृत्यू ॲस्पिरिनवर १३.४ टक्के, खोट्या गोळीवर ८.४. मोठा रक्तस्राव १०.२ विरुद्ध ३.४. आणि ज्यासाठी ॲस्पिरिन दिलं त्या हृदय-मेंदूच्या घटनाही मिळून कमी झाल्या नाहीत, वाढल्या. ज्याचा धोका मोठा त्याला औषध जास्त लागू पडेल, हे आपण गृहीत धरून चाललो होतो. ज्याची धमनी जास्त बिघडलेली असते त्याचं वय, मूत्रपिंडं आणि पोटही तितकंच बिघडलेलं असतं. रक्तस्रावाचा उमेदवारही तोच.

पुरस्कर्ता : रक्तस्राव वाढला हे समजतं. हृदयाच्या घटना का वाढाव्यात? ॲस्पिरिन गुठळी घडवत नाही.

साशंक : माझा अंदाज सांगतो, पुरावा म्हणून नाही. रक्तस्राव झाला की सगळ्यात आधी काय होतं? घाबरून सगळीच औषधं बंद होतात. ॲस्पिरिनबरोबर गुठळीरोधकही जातं. हिमोग्लोबिन घसरतं, अशक्त हृदयाला आधीच कमी मिळणारा प्राणवायू आणखी कमी होतो, रक्त चढवावं लागतं. महिन्याभराने कुणी गोळी पुन्हा चालू करतं, कुणी करत नाही. त्या मधल्या फटीत पक्षाघात होतो. मघाशी तुम्ही म्हणालात की पोटातल्या रक्तस्रावातून माणूस बरा होऊन परत जातो. परत जातो, पण पहिल्यासारखा नाही.

पुरस्कर्ता : पोट सांभाळायला पँटोप्राझोल आहे की.

साशंक : द्यावंच. जठर आणि त्याच्या लगतचं आतडं त्याने वाचतं. खालचं आतडं, लघवीची वाट, डोळ्याचा पडदा, मेंदू यांना पँटोप्राझोलचा काय उपयोग?

पुरस्कर्ता : बरं. आता माझ्याकडचा हुकमी पत्ता, तो खोडून दाखवा. कंपास, २०१७. ३३ देश, २७,३९५ रुग्ण, कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या आइकेलबूम आणि सलीम युसूफ यांच्या गटाची. स्थिर हृदयविकार किंवा पायाच्या धमन्यांचा आजार असलेले लोक, एएफ नसलेले. एका गटाला नुसतं ॲस्पिरिन, एकाला नुसतं रिव्हरॉक्सॅबान ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि तिसऱ्याला ॲस्पिरिनसोबत रिव्हरॉक्सॅबान फक्त २.५ मिलिग्रॅम दोनदा. हृदयविकाराने मृत्यू, हार्ट ॲटॅक आणि पक्षाघात मिळून नुसत्या ॲस्पिरिनवर ५.४ टक्के, जोडगोळीवर ४.१. एकूण मृत्यू ४.१ वरून ३.४. हीसुद्धा मुदतीआधी थांबवली, पण फायदा दिसला म्हणून! आणि ज्यांना नुसतं रिव्हरॉक्सॅबान दिलं त्यांना ॲस्पिरिनपेक्षा ठाम फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. म्हणजे जे साधलं ते जोडीनेच साधलं, एकट्याला जमलं नाही. मघापासून तुम्ही सांगताय की ही दोन औषधं एकत्र आणणंच घातक. मग हे काय आहे?

साशंक : हा पत्ता खोडता येत नाही, आणि मला तो खोडायचाही नाही. तो माझं वाक्य बदलायला लावतो एवढं कबूल. एकत्र आणणं घातक असं आता मी म्हणणार नाही. पूर्ण मात्रेतल्या गुठळीरोधकावर ॲस्पिरिन चढवणं, आणि ॲस्पिरिनच्या जोडीला गुठळीरोधकाचा चिमूटभर डोस देणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. एएफला रोज २० मिलिग्रॅम रिव्हरॉक्सॅबान लागतं, इथे दिवसाला पाच. पण कंपासचा आकडा मला माझ्या पद्धतीने मांडू द्या. साधारण दोन वर्षांत हजार माणसांमागे तेरा जणांवरचं संकट टळलं, आणि मोठा रक्तस्राव १.९ वरून ३.१ टक्के झाला, म्हणजे बारा जण वाढले. हे तेरा आणि हे बारा वेगळे लोक आहेत. शिवाय ज्यांना रक्तस्रावाचा मोठा धोका होता त्यांना मुळात घेतलंच नव्हतं, आणि सुरुवातीच्या चाचपणीच्या आठवड्यांत जे गोळ्या नीट घेईनात त्यांना गाळलं. आपल्या बाह्यरुग्ण विभागात असं गाळायला कोण बसलंय?

पुरस्कर्ता : बारा जणांतला मोठा भाग पोटातल्या रक्तस्रावाचा होता. जीवघेणा आणि मेंदूतला रक्तस्राव ठळकपणे वाढला नव्हता. हजारात सात जीव मात्र वाचले. आणि पायाच्या धमन्यांचे रुग्ण वेगळे काढून बघा, मधुमेही वेगळे काढा...

साशंक : वेगळे काढताना जपून. १९८८ची आयसिस-२, ॲस्पिरिनची सगळ्यात गाजलेली चाचणी, १७,१८७ लोकांची. हार्ट ॲटॅकनंतर लगेच ॲस्पिरिन दिलं तर मृत्यू घटतात हे तिने कायमचं पक्कं केलं. छापण्याआधी नियतकालिकाने आग्रह धरला की गटवार निकाल द्या. संशोधकांनी दिले, आणि त्यांच्यात एक तक्ता जन्मराशींचा घातला. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिनचा काही फायदा दिसला नाही! माणसांचे पुरेसे तुकडे पाडले की कुठल्या तरी तुकड्यात हवं ते सापडतंच.

पुरस्कर्ता : तो किस्सा मलाही आवडतो. पण मग एक किस्सा माझाही ऐका, तोही छापील. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमधला अभ्यास, २००६चा. ज्या डॉक्टरांच्या रुग्णाला वॉरफेरिनवर मोठा रक्तस्राव झाला, त्यांनी त्यानंतरच्या रुग्णांना वॉरफेरिन लिहिणं कमी केलं. ज्यांचा रुग्ण वॉरफेरिन न दिल्यामुळे पक्षाघाताने आडवा झाला, त्यांच्या लिहिण्यात काहीच बदल झाला नाही. रक्तस्रावाचं खापर गोळीवर आणि गोळी लिहिणाऱ्यावर फुटतं. पक्षाघात मात्र नशिबाच्या नावावर जमा होतो. तुम्ही रात्री बघता ते बारा जण तुम्हाला नावानिशी आठवतात. वाचलेले तेरा जण स्वतःलासुद्धा माहीत नसतात. या भीतीपोटी किती एएफवाल्यांना गुठळीरोधक मिळालंच नाही, त्यांचा हिशेब कोण ठेवतं? अजूनही अशी चिठ्ठी येते : ‘वय जास्त, म्हणून फक्त इकोस्प्रिन ७५.’ पक्षाघात टाळायला ते ॲस्पिरिन फार तोकडं, आणि म्हाताऱ्या पोटाला त्रास द्यायला पुरेसं.

साशंक : हे सोळा आणे खरं. त्या चिठ्ठीवर माझाही राग आहे. पण तुमची गोष्ट औषध सुरू करण्याची झाली. बंद करण्याच्या वेळी खापर नेमकं उलट्या बाजूने फुटतं. वर्षानुवर्षं चाललेलं ॲस्पिरिन मी आज थांबवलं आणि पुढच्या महिन्यात त्याला हार्ट ॲटॅक आला, तर नातेवाईक मलाच विचारणार, गोळी का काढली? मी काही न करता ते चालू ठेवलं आणि त्याच्या मेंदूत रक्त झिरपलं, तर सगळे म्हणणार, वय झालं होतं. म्हणून कुणी थांबवत नाही. हृदयाचा डॉक्टर म्हणतो फिजिशियन बघेल, फिजिशियन म्हणतो हृदयवाल्यांनी लिहिलंय, आम्ही कसं खोडणार? मिशिगनमधल्या नोंदींचा अभ्यास आहे. नव्या गुठळीरोधक गोळ्या घेणाऱ्या, आणि ॲस्पिरिनचं काही उघड कारण नसलेल्या ३,२८० रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ॲस्पिरिन घेतच होते. रक्तस्राव त्यांच्यात जास्त, गुठळ्या कमी नाहीत. तुमच्या माझ्या विद्वत्तापूर्ण भांडणात जो रुग्ण आहे तो दहातला एखादा. उरलेल्यांच्या दुसऱ्या गोळीला बाजूच नाही, कारणच नाही. कुणीतरी कधीतरी लिहिली, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सुरू झाली, चाळिशी उलटली म्हणून घेतली. निरोगी वृद्धांना ॲस्पिरिन देऊन बघणारी २०१८ची ॲस्प्री, १९,००० वर लोकांची, तीतही फायदा नव्हता, रक्तस्राव होता.

पुरस्कर्ता : या लोकांसाठी मी तुमच्याशी भांडणारच नाही. पण तुम्ही हे चारचौघांत मोठ्याने बोललात की काय होतं ते मी बघतो. माणूस घरी जातो आणि गोळी बंद करतो. कुठली? त्याच्या दृष्टीने दोन्ही ‘रक्त पातळ करायच्या’. महाग असते ती तो आधी बंद करतो, म्हणजे नेमकं गुठळीरोधक. दाढ काढायची म्हणून आठवडाभर सगळं सोडून बसलेले, आणि त्याच आठवड्यात झडप अडकून आलेले रुग्ण माझ्याकडे आहेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुमचा इशारा ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि ज्याच्यासाठी नाही तो घाबरतो.

साशंक : म्हणून मी रुग्णाला सांगत नाही, चिठ्ठी लिहिणाऱ्याला सांगतो. अँजिओप्लास्टीनंतर घरी पाठवतानाच कागदावर दोन ओळी हव्यात. कुठली गोळी कशासाठी, आणि ॲस्पिरिन कुठल्या तारखेला थांबायचं. ती तारीख स्टेंट घालणाऱ्यानेच घालायची, कारण पुढे कुणाला ती घालायचा धीर होत नाही.

पुरस्कर्ता : तारीख घालायला मी तयार आहे. पण एक रुग्ण समोर ठेवतो, त्याची तारीख तुम्ही सांगा. बहात्तर वर्षांचा, मधुमेही, एएफ, अपिक्सॅबान पूर्ण डोसवर. डाव्या मुख्य धमनीत स्टेंट, चौदा महिने झाले. हिमोग्लोबिन साडेदहा, गेल्या वर्षी बारा होतं. शौचाला काळं होत नाही म्हणतो. त्याला विचारलं तर म्हणतो, काहीही करा पण लकवा नको, भावाचं बघितलंय. म्हणून तो ॲस्पिरिन सोडायला तयार नाही.

साशंक : कालची तारीख. त्याचा लकवा टाळतंय ते अपिक्सॅबान. ज्या भीतीपोटी त्याने ॲस्पिरिन घट्ट धरून ठेवलंय, त्या भीतीशी ॲस्पिरिनचा फारसा संबंध नाही. हे त्याला कुणी सांगितलंय का? आणि दीड ग्रॅम हिमोग्लोबिन कुठे गेलं?

पुरस्कर्ता : सांगितलेलं नाही, खरंय. सांगेन. पण तो स्टेंट बंद पडला तर तो माझ्या टेबलापर्यंत पोचणार नाही. फ्रान्सच्या ८७२ लोकांत त्याच्यासारखे, डाव्या मुख्य धमनीवाले, किती असतील?

साशंक : त्यांची वेगळी बेरीज मांडायला गेलात तर मिथुन आणि तूळ.

पुरस्कर्ता : आणि नाही मांडली तर मी त्याला ज्या सरासरीने वागवणार ती त्याची आहे की नाही, हेच मला माहीत नाही. मी आधी दुर्बीण घालून बघेन. वरून आणि खालून दोन्हीकडून.

साशंक : व्रण सापडला तर प्रश्नच मिटला. काहीच सापडलं नाही तर?

पुरस्कर्ता : तर लोह देऊन सहा आठवड्यांनी पुन्हा हिमोग्लोबिन.

साशंक : आणि ते सहा आठवडे ॲस्पिरिन?

पुरस्कर्ता : चालू.

साशंक : माझ्याकडे असता तर बंद.